एक रुपया चिकटवलेलं पाकीट

“हिला कशाला पगार? हिला घरचं हाय की.”

आवाज माझ्या सरांचा होता. मी त्यांच्याच ऑफिसात, लोखंडी कपाटाच्या मागे उकिडवी बसून खालच्या फळीवरची एक जुनी फाइल शोधत होते. शाहूपुरीतल्या त्यांच्या घराच्या तळमजल्यावर ऑफिसच्या दोन खोल्या आहेत. पुढची पक्षकारांची, मागची आमची, आणि मध्ये भिंतीऐवजी कपाटं. त्या दिवशी सरांकडे दुसरे एक वकील चहाला आले होते. त्यांनी सहज विचारलं होतं, “ज्युनिअर चांगली मिळालीय तुम्हाला. काय देता?” त्याचं हे उत्तर. मग बशीतून चहा ओढल्याचा आवाज आला आणि बोलणं कुठल्यातरी न्यायाधीशांच्या बदलीवर गेलं.

फाइल मला मगाशीच सापडली होती. पण लगेच बाहेर गेले असते तर मी ऐकलं हे त्यांना कळलं असतं. म्हणून तशीच बसून राहिले. पायांना मुंग्या आल्या. पाहुणे गेल्यावर मी बाहेर येऊन म्हणाले, “सर, मिळाली फाइल.”

“शाब्बास, बाळ,” सर म्हणाले. अगदी मनापासून.

सर वाईट असते तर हे लिहायला सोपं गेलं असतं. त्यांच्याकडे मला अडीच वर्षं झाली होती. उलटतपास कसा घ्यायचा, कुठे थांबायचं, साक्षीदाराकडे कधी बघायचं नाही, हे सगळं त्यांनी मला शेजारी बसवून शिकवलं. एकदा एक बडा पक्षकार माझ्याकडे बघून काहीतरी घाणेरडं बोलला. सरांनी त्याची फाइल दोरीने बांधली, त्याच्या हातात दिली आणि म्हणाले, “दुसरा वकील बघा, पावणं.” त्या माणसाची फी मोठी होती. सरांनी नंतर त्याचा विषयही काढला नाही.

फक्त त्यांच्या ऑफिसात पगार नव्हता. पगार हा शब्दच नव्हता. दर सोमवारी सरांचे कारकून माझ्या गाडीत पेट्रोल भरून आणायचे. आणि वर्षातून दोनदा, दसऱ्याला आणि पाडव्याला, सरांच्या पत्नी मला वर घरात बोलवायच्या. पाटावर बसवायच्या, कुंकू लावायच्या, हातावर ड्रेसचं कापड ठेवायच्या आणि त्या कापडावर एक पाकीट. लग्नात आहेराला देतात तसलं, वर सोनेरी गणपती आणि कोपऱ्यात एक रुपया चिकटवलेला. असलं पाकीट समोर उघडायचं नसतं. मी काकूंच्या पाया पडायचे, त्या माझ्या गालावरून हात फिरवायच्या, आणि मी सहा महिन्यांचं काम पर्समध्ये घालून जिना उतरायचे.

आत किती निघायचं ते लिहीत नाही. लाज वाटते, आणि ती कुणाची लाज आहे हे अजून ठरवता आलेलं नाही. पण रक्कम थोडी होती यापेक्षा मला तो चिकटवलेला रुपया जास्त छळायचा. पगार कमी असेल तर माणूस निदान तसं म्हणू शकतो. आहेर कमी पडला असं कुणी कुणाला सांगतं का?

ही पद्धत सरांनी एकट्याने पाडली नव्हती. तिला सुरुवात आमच्या बाजूनेही झाली होती. वकिलीची सनद मिळाल्यावर मला सरांकडे पप्पा घेऊन गेले होते. इस्त्रीचा शर्ट, हातात पेढ्यांचा बॉक्स. सर म्हणाले होते, “बघा, सुरुवातीला काही फार देता येत न्हाय.” आणि पप्पांनी त्यांचं वाक्य पूर्णही होऊ दिलं नाही. “पगाराचं काय बोलायचं, साहेब? मुलगी तुमचीच समजा.” मी टेबलावरच्या काचेच्या पेपरवेटमधले बुडबुडे मोजत होते. पाच वर्षांचा कायद्याचा अभ्यास माझा होता, पण त्या खोलीत मी एक शब्द बोलले नाही. सर खूश झाले. त्यांनी मला खरंच मुलगी समजलं, आणि मुलीला कोण पगार देतो?

कपाटामागून ऐकलेलं ते वाक्य घेऊन मी घरी आले तेव्हा आई मशीनवर होती.

‘घरचं’ म्हणजे काय, हे सरांना माहीत नव्हतं. पप्पा शिरोलीच्या एमआयडीसीत एका फाउंड्रीत सुपरवायझर आहेत. त्यांचा पगार घराचं कर्ज आणि किराणा यांत संपतो. माझं जे काही होतं, सनदेची फी, काळा कोट, पुस्तकं, गाडीचे टायर, ते सगळं आईच्या मशीनमधून येत होतं. आई साड्यांना फॉल-पिको करते. गेल्या वर्षापासून तिच्या मानेला पट्टा आहे. डॉक्टरांनी सांगितलं, मान खाली घालून करायचं काम बंद करा. आई त्यांना म्हणाली, “मान वर करून फॉल कसा लावायचा तेवढं सांगा, लगेच बंद करते.” डॉक्टर हसले, आई हसली, आणि घरी आल्यावर तिने पट्ट्यासकट मान वाकवून सुईत दोरा ओवला.

मला घरचं होतं ते हे. मी दारात उभी राहून तिच्या पट्ट्याकडे बघत राहिले. ती म्हणाली, “काय गं? आत ये की.” मी म्हणाले, “काही नाही.” हे माझं सर्वांत जास्त वापरलेलं वाक्य असेल.

पप्पांनी मुदत आधीच दिली होती. रागाने नाही, त्यांचा राग मला माहीत आहे, तो असा नसतो. ते म्हणाले होते, “दिवाळीपर्यंत बघू. नाहीतर बँकेच्या परीक्षेचा क्लास लाव. कोट काय पळून जातोय का?” कोट पळून गेला नसता, पण मी त्यात परत कधी शिरले नसते. माझ्या वर्गातल्या चार मुली अशाच गेल्या. कुणी क्लासला, कुणी सासरी. त्यांचे कोट कपाटात आहेत. मला कोर्ट सोडायचं नव्हतं. आणि आईच्या मानेवर बसून कोर्टात राहायचंही नव्हतं.

त्याच सुमारास कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच, म्हणजे इथेच बसणारं खंडपीठ, सुरू झालं होतं आणि मुंबईचे वकील इथे ऑफिसं थाटू लागले होते. त्यांना इंग्रजीत मसुदे करणारी माणसं हवी होती. इंग्रजी मला येतं. माझ्या शाळेत वर्गात मराठी बोललं की दंड असायचा. बाकीच्या मुली दंड भरायच्या किंवा इंग्रजीत बोलायच्या. मी तिसराच मार्ग काढला, बोलणंच कमी केलं. शाळा सुटली, सवय राहिली. जिल्हा कोर्टात सगळं मराठीतून आणि मोठ्याने चालतं, तिथे मी कागदावर बरी आणि तोंडाने कच्ची म्हणून ओळखली जायचे. अर्जाच्या शेवटी ‘सबब विनंती की’ असं लिहून मी शेकडो लोकांसाठी शेकडो गोष्टी मागितल्या होत्या. पोटगी, ताबा, मुदत, भरपाई.

मी अर्ज केला आणि नागाळा पार्कातल्या एका ऑफिसातून मला बोलावणं आलं. मुंबईचे एक वकील, पंचेचाळिशीचे, मला “तुम्ही” म्हणणारे. त्यांनी एक प्रकरण वाचायला दिलं आणि त्यातली हकिगत इंग्रजीत लिहून मागितली. तासाभराने त्यांनी माझी तीन पानं वाचली, दोन ओळी खोडल्या, एका ओळीखाली रेघ मारली आणि म्हणाले, “छान लिहिता.” मला वाटलं, झालं. मग त्यांनी विचारलं, “तुमची अपेक्षा किती?”

असं मला आजवर कुणीही विचारलेलं नव्हतं. ना घरी, ना ऑफिसात. मी म्हणाले, “तुम्ही द्याल ते, सर.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. “मी काहीही दिलं तर चालेल?”

मी हसले. घाबरले की मी हसते.

“उद्या तडजोडीच्या वेळी समोरचा पक्षकार म्हणाला, तुम्ही द्याल ते, तर तुम्ही काय कराल?”

“कमीत कमी देईन,” मी म्हणाले.

ते मोठ्याने हसले. “बरोबर. मग मी वेगळं का करू? शनिवारी या. येताना आकडा घेऊन या. आकडा तुम्ही सांगायचा.”



कोल्हापुरात काही लपत नाही. दुसऱ्याच दिवशी कोर्टाच्या पायऱ्यांवर सरांचे कारकून भेटले. त्यांना सगळं कोर्ट चाचा म्हणतं. पन्हाळ्याच्या पायथ्याचं गाव, वडील आणि आजोबा दोघेही कोर्टातच कारकून, आणि कुठल्या टेबलावर कुठला कागद पडलाय हे त्यांना झोपेतही सांगता येईल. पक्षकारांसमोर ते मला “मॅडम” म्हणतात, एरवी “पोरी”.

“काय मॅडम,” ते म्हणाले, “नागाळा पार्कात कुणाचं लगीन होतं?”

माझं तोंड उतरलं असणार. “चाचा, सरांना तुम्ही—”

“मी न्हाय सांगत. सांगायचं ते तू सांगायचंस, आणि जायच्या आधी सांगायचंस, मागनं न्हाय. बरं, किती म्हणालीस?”

“काही नाही.”

“काही न्हाय म्हंजे? फुकट जाणार हायस?”

“तुम्ही द्याल ते, असं म्हणाले मी.”

चाचांनी कपाळावर हात मारला. “या अल्ला! एवढी शिकलीस, पोरी, आणि हे शिकलीस व्हय? तिथं गेल्या महिन्यात एक पोरगा घेतलाय, त्येला पंचवीस देत्यात. त्यांच्या शिपायानं सांगितलंय मला. त्येला इंग्रजीत अर्ज लिवायला सांगितला तर पान भिजतंय घामानं. तू तीस माग. वर चहा माग.”

मी हसले, पण पंचवीस हा आकडा डोक्यात रुतून बसला.

चाचांची स्वतःची फी वेगळी असते. ती ते पायऱ्यांवर, चारचौघांत, मोठ्याने सांगतात. “साहेबांचं साहेबांना, माझं मला.” कोपऱ्यात घेऊन सांगितली की पक्षकार रडतो, चारचौघांत सांगितली की मुकाट देतो, असं त्यांचं म्हणणं. मी कितीदा शेजारी उभी राहून ते बघितलं होतं. मला ते जमणार नव्हतं हेही माहीत होतं. माझा आवाज चारचौघांत पोहोचतच नाही.

बुधवारी कोर्टाला सुट्टी होती. दुपारी मी आईजवळ बसले होते तेव्हा एक बाई चार साड्या घेऊन आल्या.

“वहिनी, चार हाईत. कमी करा की कायतरी.”

“एकीचे एकशेवीस,” आई म्हणाली, आणि डबीतल्या टाचण्या घेऊन तिने ओठांत धरल्या. साडीचा काठ मांडीवर पसरून मापायला लागली.

“शंभर धरा की. आम्ही काय एकदाच येतोय व्हय?”

आई म्हणाली, “हं.” टाचण्या तोंडात असताना एवढंच म्हणता येतं.

“पलीकडच्या गल्लीत शंभरात करत्यात.”

“हं.”

बाई भिंतीवरच्या दरपत्रकाकडे बघत राहिल्या. पंख्याचा आवाज येत होता. मग त्याच म्हणाल्या, “पर त्यांचा फॉल आटतोय म्हणं. बरं, ऱ्हाऊ दे. रविवारपर्यंत द्या म्हंजे झालं.”

त्या गेल्यावर मी विचारलं, “तू टाचण्या मुद्दाम धरतेस?”

आईने एकेक टाचणी काढून डबीत टाकली. पट्ट्यामुळे तिला माझ्याकडे वळायचं तर अख्खं वळावं लागतं. ती वळली. “आधी न्हवते धरत. पण आकडा सांगितला की माझी मलाच भीती वाटायची. समोरची गप्प असायची, आणि मीच बोलून बोलून कमी करून टाकायची. एकदा खरंच टाचण्या होत्या तोंडात, बोलता येईना. ती बाई पैसे ठेवून गेली. तवापासनं धरते.” मग म्हणाली, “तुला किती सांगायचंय?” नागाळा पार्कातलं बोलावणं घरी कळलंच होतं.

“बघते,” मी म्हणाले.

खरंतर तोवर आकडा ठरला होता. अठ्ठावीस. पंचवीस हा त्या मुलाचा आकडा होता, आणि तीस म्हणायची छाती नव्हती. अठ्ठावीसमध्ये माझा सगळा खर्च निघून आईच्या मशीनमधून येणारं मला लागणार नव्हतं, एवढा साधा हिशेब. मी तो आईला सांगू शकले असते. तिने ऐकलं असतं आणि मान डोलवायचा प्रयत्न केला असता. पण मी काही सांगत नाही, कुणालाच. काहीतरी मागायचं आहे हे कळलं की ते मिळालं नाही हेही सगळ्यांना कळतं.

दोन दिवस मी तो आकडा गाडीवरून जाता-येता हेल्मेटच्या आत म्हणून बघितला. महिना अठ्ठावीस हजार, सर. काचेवर वाफ धरायची. दसरा चौकाच्या सिग्नलला बहुतेक जोरात म्हणाले असेन, कारण शेजारच्या मोपेडवरच्या आजोबांनी विचारलं, “काय म्हणालासा, ताई?” मी मान हलवली आणि सिग्नल सुटायच्या आधीच गाडी पुढे घेतली.

गुरुवारी जेवताना पप्पांनी विषय काढला.

“शनिवारी परत बोलावलंय म्हणं?”

“हो.”

“मी येऊ का संगं?”

“नको, पप्पा.”

“किती म्हणणार हायस?”

“बघते.”

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, तो हातातच राहिला. “लई मागू नकोस. मोठी माणसं हाईत ती. एकदा आत शिर. मग आपोआप वाढतंय.”

मी आमटीत भाकरी चुरत राहिले. आपोआप वाढताना मी फक्त आईच्या मानेचं दुखणं बघितलं होतं.

पप्पांनी आयुष्यात एकदाच पगार वाढवून मागितला होता. हे मला आईने सांगितलं आहे, त्यांनी नाही. मी तेव्हा पहिलीत होते, इंग्लिश मीडियमची फी भरायची होती. फाउंड्रीच्या जुन्या मालकाने त्यांना आत न बोलावता गेटवर बसवून ठेवलं, अख्खी शिफ्ट, उन्हात, आणि संध्याकाळी निरोप पाठवला की उद्यापासून यायचं की नाही ते तुम्हीच ठरवा. पप्पा दुसऱ्या दिवशी गेले. फी कुणीतरी उसनी दिली. त्या दिवसापासून पप्पांना आकडा सांगणं म्हणजे गेटवर बसणं वाटतं. हे मला कळतं. तरी गुरुवारी त्यांनी विचारलं तेव्हा मी त्यांना उत्तर दिलं नाही. दिलं असतं तर कदाचित पुढचं झालं नसतं. त्यांनी जिथे मोकळी जागा बघितली तिथे स्वतःचा आकडा भरला.

शनिवारी सकाळी अकराला मी नागाळा पार्कातल्या ऑफिसात पोहोचले. बाहेरच्या बाकावर पाच मिनिटं बसवलं. आतून बोलावल्यावर मी दार ढकललं, आणि मुंबईच्या सरांकडे बघायच्या आधी मला खिडकीच्या कठड्यावरची पिशवी दिसली.

तपकिरी परकराचं कापड, हिरवे बंद. बंदांची टाके मारायची पद्धत मी कुठेही ओळखेन, दुहेरी आणि शेवटी फुली. आईने उरलेल्या कापडाच्या अशा पिशव्या शिवून ठेवल्या आहेत, आमच्या घरातून कुणाकडे काही जायचं असेल तर त्यांतूनच जातं. पिशवीच्या तोंडातून गुळाचा रवा, छोटी ढेपच, दिसत होता. कठड्यावरून काळ्या मुंग्यांची ओळ थेट तिथवर गेली होती.

“बसा,” सर म्हणाले. त्यांनी माझी नजर बघितली होती. “तुमचे वडील काल येऊन गेले. मी म्हणालो, अहो, हे कशाला? ऐकेचनात. घरचा गूळ आहे म्हणाले.”

आमच्या घरी कुठला गूळ? शेत नाही, गुऱ्हाळ नाही. पप्पांनी तो मार्केट यार्डातून विकत आणला असणार. काल त्यांची पहिली पाळी होती. म्हणजे शिफ्ट सुटल्यावर, कंपनीच्या नळावर हातपाय धुऊन, नखांतली काळी माती निघत नाही ती तशीच ठेवून ते इथे आले होते. या एसीत, या काचेच्या टेबलापुढे, बहुधा उभेच राहिले असतील. बसा म्हटल्यावर खुर्चीच्या टोकाला बसले असतील.

“साधे गृहस्थ आहेत,” सर म्हणाले. “मला म्हणाले, ‘पंधरा दिले तरी चालतील. पगाराचं काय बोलायचं, साहेब? मुलगी तुमचीच समजा.’”

तेच वाक्य. शब्दन् शब्द तोच.

एवढा राग मला पप्पांचा कधी आला नव्हता, आणि एवढी कीवही. दोन्ही एकाच वेळी आल्यामुळे कुठल्याचंच काही करता येईना. मी इतके दिवस एक आकडा जपून आणला होता आणि त्याच्या खुर्चीवर आधीच दुसरा येऊन बसला होता, माझ्या नावाचा, गुळासकट.

सरांनी समोरच्या फाइलमधून छापलेलं पत्र काढलं. वर तारीख होती, माझं नाव होतं, आणि पगाराच्या जागी टिंबं होती. त्यांनी पेनाचं टोपण काढलं. “मग पंधरावर सुरू करू या? सोमवारपासून?” ते काही फसवत नव्हते. मीच त्यांना सांगितलं होतं की समोरचा कमी मागत असेल तर कमीत कमी द्यायचं.

हो म्हणणं अगदी सोपं होतं. कोर्ट सुटलं नसतं, पप्पांचा शब्द राहिला असता, बँकेचा क्लास टळला असता. दसऱ्याला कदाचित इथेही कुणीतरी मला पाटावर बसवलं असतं. आई रविवारपर्यंत द्यायच्या चार साड्या मांडीवर घेऊन बसली असती, आणि त्यांतल्या एकीच्या पैशातून माझ्या गाडीत पेट्रोल पडलं असतं. आणि नाही म्हणाले, तर ज्या माणसासमोर पप्पा काल हात जोडून गेले, त्याला मी सांगणार होते की माझ्या बापाला यातलं काही माहीत नाही. तो म्हणू शकला असता, आधी घरात ठरवा, मग या. किंवा काही न म्हणता टोपण परत लावलं असतं. पंचवीसवाला मुलगा बाहेर बसलेला होताच. अजून एखादा मिळाला असता.

एक मुंगी कठड्यावरून टेबलाकडे आली होती. सरांनी ती कागदाच्या कडेने बाजूला केली आणि माझ्याकडे बघितलं.

शाळेत बाकावर उभं केल्यासारखं वाटलं. मला आईच्या ओठांतल्या टाचण्या आठवल्या, आणि मी स्वतःशी एवढंच ठरवलं की काय बोलायचं ते एकदाच बोलायचं आणि नंतर तोंड बंद ठेवायचं, एसीचा आवाज कितीही वेळ येत राहिला तरी. आवाज निघाला तेव्हा तो मला वाटला होता त्याहून बारीक होता, पण अडखळला नाही.

मी म्हणाले, “सर, गूळ पप्पांनी मनापासून आणलाय, तो राहू द्या. पण मी त्यांची मुलगी आहे, तुमची नाही. तुमच्याकडे मी वकील म्हणून येणार आहे, आणि माझा आकडा मी सांगणार असं आपलं ठरलं होतं. महिना अठ्ठावीस हजार.”